अर्देशीर कर्सेटजी वाडिया : भार आणि शक्ती

जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्यास होडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. काळी नदी याच तालुक्यात दिग्गी गावाजवळ उगम पावते आणि घाट उतरून कारवारजवळ समुद्रास मिळते. सुपे येथील धरणामुळे १९८०च्या दशकात जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले, आणि जेथे पूर्वी शेते व पायवाटा होत्या तेथे दूरवर पाणी पसरले. पाण्याकाठी राहणाऱ्या कुटुंबात कधीतरी वल्ह्याची होडी पुरेनाशी होते. यंत्राची होडी घ्यावी, असा विचार घरात निघतो. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, यंत्र किती शक्तीचे असावे? मुलेबाळे, धान्याचे पोते, वारा आणि प्रवाह या सर्वांस ते पुरे पडेल काय?

हा प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचे उत्तर चुकले तर माणसे पाण्यावर अडकून पडतात. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मुंबईतील एका पारशी तरुणाने याच प्रश्नाचा ध्यास घेतला. आमच्याकडील मुलांस त्यांचे नाव फारसे परिचित नाही, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीरांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. ज्या कुळात ते जन्मले त्याचा व्यवसायच नौका बांधण्याचा होता, आणि वाडिया हे आडनावही त्या व्यवसायावरूनच पडले. या कुळाचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे कसबी सुतार. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस मुंबईत बोलावून घेतले. १७५० साली मुंबईत सुकी गोदी बांधून झाली. गलबत आत घ्यावे, पाणी काढून टाकावे आणि तळापर्यंत त्याची डागडुजी करावी, अशी सोय झाल्यामुळे मुंबईच्या गोदीची कीर्ती वाढत गेली. लवजींच्या पुत्रपौत्रांनी तेथे लहानमोठी अनेक जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. दोनशे वर्षांनंतरही तिचे लाकूड टिकून आहे, यातच त्या कारागिरांच्या हाताची परीक्षा झाली.

त्या लाकडाविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याचा आमच्या भूमीशी संबंध आहे. मुंबईची जहाजे सागवानाची असत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो पाण्यात सहसा कुजत नाही, आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही ओक वृक्षाच्या लाकडातल्याप्रमाणे लवकर गंजत नाहीत. हा साग मलबार व कानडा या मुलखांतील अरण्यांतून येई. त्याची टंचाई भासू लागली, तेव्हा १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्यास वनरक्षणाच्या कामावर नेमले, आणि पुढील वर्षी मलबार व कानड्यातील सागावर आपला मक्ता बसविला. लोकांस तो जाचक झाला आणि १८२३ साली उठविण्यात आला. साग आमच्या अरण्यांचा आणि हात मुंबईच्या कारागिरांचे. परंतु पुढे जहाजावर वाफेचे यंत्र आले, आणि ते मात्र परदेशातून आणावे लागे. अर्देशीरांचे जीवितकार्य नेमके येथून सुरू होते.

१८२२ साली, चौदाव्या वर्षी, अर्देशीर गोदीत उमेदवार म्हणून दाखल झाले. त्यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही गोदीतच काम करीत. तासणी, करवत आणि ओळंबा यांचे शिक्षण मुलास घरच्याच परंपरेत मिळाले. परंतु कुळातील इतर मुलांचे मन जेथे लाकडात रमले, तेथे अर्देशीरांचे मन वाफेत गुंतले. वाफेच्या जोरावर दांडा सरकतो, दांड्याने चाक फिरते आणि चाकाने जहाज वाऱ्याविरुद्ध चालते, ही गोष्ट त्या पिढीस अद्भुत वाटत होती. अर्देशीरांस ती अद्भुत वाटली, आणि आपल्या हातांनी करून पाहावी असेही वाटले.

त्या सुमारास मुंबईच्या गोदीत एक घटना घडली. ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट १८२९ साली तेथे बांधून झाली. ती ४११ टनांची होती, आणि तिच्यात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे बसविलेली होती. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्या रचनेत कोळशाची जागा सुमारे साडेपाच दिवसांपुरती होती. परंतु एडनपर्यंतची वाट त्याच्या दुप्पट दिवसांची. म्हणून प्रवाशांच्या खोल्या आणि डेकसुद्धा कोळशाने भरून काढावे लागले. इतके करूनही अकराव्या दिवशी ती एडनला पोहोचली तेव्हा तिच्यात अवघ्या सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. पुढे ती सुएझला पोहोचली, आणि मुंबई ते सुएझ ही वाट वाफेने चालता येते हे सिद्ध झाले. परंतु विचारी माणसाने यातून दुसराही बोध घ्यावयाचा होता. यंत्र बलवान असले म्हणजे काम भागत नाही. त्याची भूक किती, वाट किती आणि शिदोरी किती, हा हिशेब आधी जुळावा लागतो.

अर्देशीरांनी मोठ्या यंत्रास एकदम हात घातला नाही. प्रथम त्यांनी स्वतःच्या हातांनी एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे यंत्र तयार केले. घराजवळच त्यांनी एक छोटी ओतशाळा उभारली होती. तेथे लोखंडाची कामे होत, आणि जहाजांवर लागणाऱ्या पाण्याच्या टाक्याही बनत. एक अश्वशक्तीच्या यंत्राने कोणतेही गलबत समुद्रात चालणार नव्हते, परंतु त्याने त्यांस यंत्राचे अंतरंग दाखविले. वाफ कोठे गळते, कोणता सांधा झिजतो, अग्नी किती ठेवावा, या गोष्टी ग्रंथ वाचून कळत नाहीत. लहान यंत्रातील चूक स्वस्त पडते. मोठ्या यंत्रातील चूक जिवावर बेतते.

मग १८३३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी सुमारे ६० टनांची ‘इंडस’ नावाची नौका रचून पाण्यात उतरविली. तिच्यासाठी १० अश्वशक्तीचे सागरी यंत्र इंग्लंडहून मागविले आणि ते तिच्यात बसविले.

येथे आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून थोडे गणित करावे. अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने रूढ केले. सुमारे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जितकी शक्ती लागते ती एक अश्वशक्ती, असे स्थूलमानाने समजावे. ‘ह्यू लिंडसे’ची शक्ती १६० आणि भार ४११ टन, म्हणजे प्रत्येक टनामागे सुमारे ०·३९ अश्वशक्ती. ‘इंडस’ची शक्ती १० आणि भार ६० टन, म्हणजे टनामागे सुमारे ०·१७. ‘इंडस’ला टनामागे जी शक्ती लाभली ती ‘ह्यू लिंडसे’च्या निम्म्याहूनही कमी होती. एकीला मोसमी वारे आणि तांबडा समुद्र तुडवीत एडन व सुएझ गाठावयाचे होते. दुसरी एका तरुण कारागिराची पहिली कृती होती, आणि तिने लहान शक्तीवर बरेच काही शिकविले. नौका निराळी, वाट निराळी, म्हणून यंत्रही निराळे. शेजाऱ्याच्या होडीस अमुक शक्तीचे यंत्र आहे म्हणून आपल्याही होडीस तेवढेच हवे, असे मानणाऱ्याने हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. त्या काळी अश्वशक्तीचा जो आकडा सांगत, तो बहुधा यंत्राच्या सिलिंडरच्या मापावरून काढलेला नाममात्र आकडा असे. प्रत्यक्ष शक्ती त्याहून निराळी असू शके. म्हणजे आकडा वाचून खरेदी करणारा आणि यंत्र उघडून पाहणारा यांत तेव्हाही अंतर होते. अर्देशीर दुसऱ्या वर्गातले होते.

१८३४ साली त्यांनी मुंबईकरांस आणखी एक नवलाई दाखविली. त्यांनी माझगावातील आपले घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर हे स्वतः ती पाहावयास गेले. शहरात तेव्हा तेलाच्या दिव्यांवाचून दुसरा प्रकाश नव्हता. हौस म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल, परंतु आम्हांस तसे वाटत नाही. वायू कोंडणे, नळांतून खेळविणे, गळती थांबविणे ही सारी कामे वाफेच्या कामाची सख्खी भावंडेच होत. ज्याने वायू ताब्यात ठेविला, त्याने वाफेवर हुकमत मिळविण्याचा अर्धा अभ्यास केला.

१८३७ साली रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. तरीही आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांस स्वस्थ बसू देईना. १८३९ साली ते इंग्लंडला निघाले. आगबोटीने सुएझ, तेथून वाळवंट ओलांडून कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि पुन्हा समुद्र, असा तो खडतर मार्ग होता. सुएझचा कालवा व्हावयास अजून तीस वर्षे होती. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी १८४० साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. तेथे त्यांनी सीवर्ड यांच्यासारख्या नामांकित यंत्रशाळांत जाऊन सागरी यंत्रांची रचना बारकाईने पाहिली, आणि स्थापत्य व यंत्रविद्येतील थोर मंडळींचा परिचय करून घेतला. त्यांच्याच कुळातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण त्याच काळात इंग्लंडात जहाजबांधणी शिकत होते. एका घरातील तीन तरुण आपल्या पिढीजात विद्येस नवी जोड देण्यासाठी सातासमुद्रापार गेले, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती.

२७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशीरांस आपले फेलो म्हणून निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय फेलो म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन्, आणि त्यांची निवड १९१८ साली झाली. मध्ये सत्याहत्तर वर्षे लोटली, एवढे सांगितले म्हणजे त्या मानाचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्याच १८४१ साली मुंबईच्या आगबोट कारखान्यात मुख्य अभियंता व यंत्रपरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली एक मुख्य मदतनीस, चार युरोपियन फोरमन, सुमारे शंभर युरोपियन यंत्रज्ञ व बॉयलर बांधणारे, आणि सुमारे दोनशे देशी कारागीर होते. हिंदी माणसाने युरोपियनांवर हुकूम चालवावा, ही गोष्ट त्या काळच्या अनेकांस रुचली नाही. मुंबईतील युरोपियन समाजात कुरबूर झाली, आणि या नेमणुकीविषयी वर्तमानपत्रातूनही शंका काढण्यात आली. आपल्या जागेचे समर्थन करण्यास अर्देशीरांपाशी उपाय एकच होता, तो म्हणजे काम. बिघडलेले यंत्र दुरुस्त झाले की नाही, हे दुरुस्त करणाराचा वर्ण पाहून ठरत नाही. वाफ कोंडली आणि चाक फिरले, म्हणजे उत्तर मिळते. १ ऑगस्ट १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, ते त्या जागी टिकले.

त्या आगबोटी ज्या सत्तेच्या सेवेत होत्या ती परकी होती, हे आम्ही विसरत नाही. त्यांवरून टपाल गेले, प्रवासी गेले, तसे सैन्यही गेले. परंतु विद्या ज्याच्या हाती येते त्याचीच होते. देशी कारागिरांस यंत्रविद्येची दीक्षा त्या कारखान्यात मिळाली, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

१८४९ साली अर्देशीर अमेरिकेस गेले, आणि लाकूड कापण्याची यंत्रे पाहून त्यांनी ती मुंबईसाठी खरेदी केली. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची कृती यांची ओळख मुंबईस करून देण्यातही त्यांचाच पुढाकार होता. आणि मग १८५१ साली त्यांनी आपल्या आयुष्यातील एक वर्तुळ पूर्ण केले. त्या वर्षी त्यांची एक आगबोट पाण्यात उतरली. तिचे सारे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झालेले होते. ‘इंडस’साठी यंत्र समुद्रापलीकडून आणावे लागले होते. अठरा वर्षांनी ती गरज उरली नाही. या आगबोटीस त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, गव्हर्नराचेही दिले नाही. तिचे नाव ‘लवजी फॅमिली’. सुरतेहून हत्यारांची पेटी घेऊन आलेल्या पूर्वजाचे आणि त्याच्या साऱ्या घराण्याचे ऋण त्या एका नावात फेडले गेले.

उत्तरायुष्यात ते इंग्लंडात राहिले. १८६१ ते १८६३ या काळात सिंधू नदीवर चालणाऱ्या आगबोटींच्या कंपनीत, कोटरी येथे, त्यांनी पुन्हा अधीक्षक अभियंत्याचे काम केले. ज्या नदीचे नाव त्यांनी तारुण्यात आपल्या पहिल्या नौकेस दिले होते, त्याच नदीवर त्यांच्या सेवेची अखेर झाली. लंडनजवळ रिचमंड येथे १६ नोव्हेंबर १८७७ रोजी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर लोखंडी जहाजांचे युग आले होते आणि मुंबईच्या सागवानी जहाजांचे वैभव ओसरले होते. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या चरित्रापासून पाण्याकाठच्या कुटुंबाने काय घ्यावे? आमच्या मते, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावयाचे तो क्रम घ्यावा.

प्रथम भार मोजावा. होडीचे वजन, यंत्राचे व इंधनाचे वजन, बसणारी माणसे आणि बाजारातून परतताना वाढणारे ओझे, हे सर्व धरून हिशेब करावा. रिकाम्या होडीवर घेतलेली परीक्षा फसवी असते. दुसऱ्याने वाट पाहावी. समजा, प्रवाह ताशी सहा किलोमीटर आहे आणि होडीची गती शांत पाण्यात ताशी आठ. प्रवाहाबरोबर दहा किलोमीटर जावयास पाऊण तासही लागणार नाही. प्रवाहाविरुद्ध तेच अंतर पाच तासांचे होईल. पावसाळ्यात प्रवाह आठांवर गेला, तर होडी जागच्या जागीच राहील. तिसऱ्याने शिदोरी पाहावी. परतीचे इंधन वेगळे ठेवावे आणि त्यावर काही राखीव ठेवावे. ‘ह्यू लिंडसे’चे ते सहा तास आठवावेत. या तीन गोष्टींनंतरच यंत्राकडे वळावे.

यंत्र पाहताना दोन टोके टाळावीत. दुबळे यंत्र सदैव पुऱ्या जोराने चालवावे लागते. ते लवकर झिजते, आणि वाऱ्यात माणसांस दगा देते. परंतु अतिबलवान यंत्र घेणेही शहाणपणाचे नव्हे. पाणी कापीत जाणाऱ्या नौकेची गती दुप्पट करावयाची तर शक्ती सुमारे आठपट लागते, आणि एका मर्यादेनंतर नौका स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते. नौकांचा हा धर्म विल्यम फ्रूड या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नमुन्याच्या नौका ओढून तपासला. लहान होडीच्या मागच्या फळीस जड यंत्र लावले तर मागची बाजू दबते, पाणी आत येते आणि वळण घेताना होडी कलंडण्याचे भय राहते. म्हणून होडी बांधणाराने यंत्राची जी कमाल मर्यादा सांगितली असेल ती ओलांडू नये. यंत्र कितीही चांगले असो, वल्ही बरोबर ठेवावीत, आणि प्रत्येकाच्या अंगात, लहानग्याच्यासुद्धा, तरंगते जाकीट असावे.

अर्देशीरांनी एक अश्वशक्तीपासून आरंभ केला, मग दहा अश्वशक्तीचे यंत्र बसविले, आणि अखेर साऱ्या आगबोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचा भार उचलला. प्रत्येक पायरीवर जेवढा भार पेलवेल तेवढाच त्यांनी अंगावर घेतला, आणि पुढच्या भारासाठी शक्ती वाढवीत गेले. आमच्या शाळेतील काही मुले पुढे कारवारच्या बंदरात, मुंबईच्या गोदीत किंवा यंत्रशाळांत जातील, काही काळीकाठीच राहतील. त्यांच्या घरी यंत्राची होडी घेण्याचा दिवस येईल तेव्हा दुकानात शिरण्यापूर्वी त्यांनी कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे, घरातील माणसे मोजावीत, आणि मगच आकडा ठरवावा.